पाऊण लिटरचा हिशेब: इंट्राकोस्टल वॉटरवेवर तापणाऱ्या एका इंजिनाचे प्रकरण

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागून, खुल्या अटलांटिक महासागराच्या आतल्या बाजूने, नद्या, खाड्या, साउंड नावाने ओळखली जाणारी विस्तीर्ण उथळ जलाशये आणि माणसाने खणलेले कालवे एकमेकांना जोडून एक लांबलचक जलमार्ग तयार झालेला आहे. त्याला इंट्राकोस्टल वॉटरवे म्हणतात. व्हर्जिनियातील नॉरफोक हा त्याचा शून्य मैल असून मायामी तेथून सुमारे १,०९० मैलांवर येते. हे मैल समुद्री नसून जमिनीवरचे आहेत. मार्गाची देखभाल अमेरिकी लष्कराच्या कोअर ऑफ इंजिनियर्सकडे आहे. मंजूर खोली फोर्ट पिअर्सपर्यंत १२ फूट आणि पुढे मायामीपर्यंत १० फूट असली, तरी समुद्राकडे उघडणाऱ्या मुखांपाशी वाळू सतत सरकत असल्यामुळे प्रत्यक्षात ती पुष्कळ ठिकाणी कमी भरते. दर शरद ऋतूत उत्तरेकडच्या खासगी नौका थंडी टाळण्यासाठी या मार्गाने फ्लोरिडाकडे उतरतात. चक्रीवादळांचा अधिकृत मोसम ३० नोव्हेंबरला संपतो आणि विम्याच्या अनेक करारांमध्ये ठरावीक तारखेपूर्वी ठरावीक अक्षांशाच्या दक्षिणेला जाण्यास मनाई असते, त्यामुळे बहुतेक नौका ऑक्टोबरच्या अखेरीस एकाच सुमारास निघतात.

प्रस्तुत प्रकरण अशाच एका नौकेच्या इंजिनाचे आहे. नौका ३६ फुटी, फायबरग्लासची, एका डोलकाठीची. मालक व्हर्जिनियात स्थायिक झालेले निवृत्त मराठी गृहस्थ. सोबत त्यांच्या पत्नी. माझी सारी नोकरी व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली असल्यामुळे आणि आमचा घरोबा असल्यामुळे अडचण आली तेव्हा त्यांनी मला बोलावले. बिघाड वरकरणी साधा होता: इंजिन गरजेपेक्षा जास्त तापत होते. परंतु तो तीन ठिकाणी विभागलेला होता, आणि प्रत्येक टप्प्यावर "झाले, सुटला प्रश्न" असे म्हणण्याचा मोह पडावा इतका तो थोडा थोडा सुटत गेला. म्हणूनच तो सविस्तर लिहून ठेवण्याजोगा वाटतो.

शिडाची नौका आणि इंजिनाचे तास

या मार्गावर शिडाची नौका बहुतेक वेळ इंजिनावरच चालते. वाहतुकीची वाट काही ठिकाणी इतकी अरुंद असते की वारा विरोधात असताना शिडावर नागमोडी जायला जागाच उरत नाही. शिवाय उघडणारे पूल ठरल्या वेळीच उघडतात आणि त्यांच्यापाशी प्रवाहात नौका एका जागी धरून ठेवावी लागते, तेव्हा भरवसा इंजिनाचाच असतो. ताशी ६ समुद्री मैलांच्या गतीने नॉरफोक ते मायामी हे अंतर इंजिनाच्या सुमारे १६० तासांत कापले जाते. शनिवार-रविवारी नौका बाहेर काढणाऱ्या माणसाच्या इंजिनाला एवढे तास भरायला दोन-तीन वर्षेही लागू शकतात. त्यातही फरक असा की त्याचे इंजिन धक्क्यापासून मोकळ्या पाण्यापर्यंत वीस मिनिटे चालते आणि बंद होते, तर येथे ते रोज सहा-सात तास सलग, भाराखाली चालते.

कोकणात १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर ओढून, तळ खरवडून, रंग लावून, इंजिन उघडून वर्षाची डागडुजी एकदम केली जाते. ती पद्धत त्या धंद्याला योग्य आहे, कारण नौका रोज आपल्याच बंदरात परतते आणि ओळखीचा मिस्त्री हाकेच्या अंतरावर असतो. लांबच्या जलमार्गावर मात्र ही सोय नसते. इंजिनाचे वर्षांचे काम काही आठवड्यांत उरकले जाते आणि कॅलेंडर पाहून केलेली देखभाल अपुरी पडते.

पाण्याची वाट

पुढचे समजण्यासाठी या इंजिनाला गार ठेवणारी यंत्रणा आधी डोळ्यांसमोर हवी. इंजिन तीन सिलिंडरचे, २७ अश्वशक्तीचे डिझेल होते. त्यात पाण्याचे दोन वेगळे मार्ग असतात. आतल्या बंद मार्गात कूलंट फिरतो आणि सिलिंडरांची उष्णता उचलतो. बाहेरचे पाणी तळातल्या सीकॉक नावाच्या तोटीतून आत येते, जाळीच्या स्ट्रेनरमधून गाळले जाते, पंपातून हीट एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांत जाते, तेथे कूलंटची उष्णता घेते आणि शेवटी मिक्सिंग एल्बो या वाकड्या तुकड्यात एक्झॉस्टच्या गरम वायूंत मिसळून नौकेच्या पिछाडीतून बाहेर फेकले जाते. एल्बोनंतरची नळी रबराची असते आणि ती केवळ या पाण्यामुळेच जळत नाही.

पंपाच्या आत इंपेलर नावाचे रबरी चक्र असते. त्याच्या लवचीक पात्यांना वंगण पाण्याचेच. कोरडे फिरले तर पाती फार लवकर तडकून तुटतात. तुटलेली पाती नाहीशी होत नाहीत. पाण्याबरोबर पुढे जातात आणि जेथे वाट अरुंद होते तेथे अडकतात, म्हणजे बहुधा हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी.

निघण्यापूर्वीच्या वसंतात एका बोटयार्डात या नौकेचे वार्षिक काम झाले होते. बिलावर "इंपेलर बदलला" अशी एक ओळ होती. काढलेल्या इंपेलरला किती पाती शिल्लक होती आणि नसलेली पाती कोठे गेली, याचा बिलात उल्लेख नव्हता. जुना इंपेलर मात्र त्यांनी एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून मालकांना परत दिला होता, आणि अडीअडचणीला उपयोगी पडेल म्हणून मालकांनी तो सुट्या भागांच्या पेटीत ठेवून दिला होता. पुढे तपासात या पिशवीचे मोल फार ठरले. उन्हाळाभर नौका जवळपासच फिरली, इंजिनावर कधी दीर्घकाळ भार आला नाही, आणि तापमानाचा काटा ८० अंश सेल्सियसवर स्थिर दिसत राहिला.

नॉरफोक ते बेलहेवन

त्यांनी डिस्मल स्वॅम्प कॅनॉलची वाट धरली. हा २२ मैलांचा कालवा गुलाम म्हणून राबवलेल्या माणसांनी हाताने खणलेला असून १८०५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. दोन्ही टोकांना डीप क्रीक आणि साउथ मिल्स येथे जलपाश, म्हणजे नौका वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे दरवाजांचे हौद, आहेत. पाणी गोडे आणि झाडांच्या सालीपाल्यातून उतरलेल्या टॅनिनमुळे चहासारखे तपकिरी असते. त्यावर डकवीड या बारीक हिरव्या पाणवनस्पतीचा थर तरंगत असतो. नौकेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, या पाण्याचे तपकिरी डाग बसतात आणि पुष्कळ जण पहिल्या मुक्कामालाच ते घासू लागतात. ते डाग ऑक्झॅलिक ॲसिडने कधीही निघतात. पहिल्या मुक्कामाचा तो वेळ इंजिनासाठी द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कालव्यात गती कमी ठेवावी लागते, त्यामुळे इंजिन मिनिटाला १,८०० फेऱ्यांवर होते आणि तापमान ८०. संध्याकाळी स्ट्रेनरमध्ये मूठभर डकवीड निघाले. पुढे अल्बेमार्ल साउंडमध्ये समोरून वारा आणि आखूड, उभ्या लाटा असताना २,६०० फेरे द्यावे लागले, तेव्हा काटा ८८ वर गेला. फेरे कमी करताच तो खाली आला. मालकांनी दोष डकवीडला दिला, स्ट्रेनर पुन्हा उघडला, थोडे निघाले. त्याच लाटांनी डिझेलच्या टाकीच्या तळचा गाळही ढवळला गेला, आणि फिल्टरवरच्या व्हॅक्यूम मापकाचा काटा चढलेला पाहून तो फिल्टर बदलण्यात अलिगेटर नदीच्या मुखाशी एक संध्याकाळ गेली. ते काम योग्यच होते, पण तापमानाशी त्याचा संबंध नव्हता.

खरी गोष्ट लक्षात आली ती अलिगेटर आणि पंगो या नद्यांना जोडणाऱ्या सरळ कालव्यात. मालकांच्या पत्नी पहिल्या दिवसापासून एका शाळकरी वहीत दर तासाला पाच आकडे लिहीत होत्या: फेरे, इंजिनाचे तापमान, ऑइलचा दाब, नौकेची गती आणि बाहेरच्या पाण्याचे तापमान. त्या कालव्यात वारा नव्हता, लाटा नव्हत्या. त्यांनी आकडा लिहिला आणि मागचे पान उलटून पाहिले.

"अहो, परवा याच फेऱ्यांवर ब्याऐंशी होतं. आज शहाऐंशी आहे. आणि पाणी तर कालच्यापेक्षा गारच आहे."

या एका वाक्याने तपासाला दिशा मिळाली. जास्त भारावर जास्त तापमान होणे एक वेळ समजू शकते. पण तेच फेरे, शांत पाणी, बाहेरचे पाणी अधिक गार, आणि तरीही तापमान चार अंश जास्त, याचा अर्थ यंत्रणेतच काही तरी दिवसागणिक बिघडत आहे असा होतो. नुसते काट्याकडे पाहणाऱ्याला ८६ हा आकडा धोक्याचा वाटला नसता, कारण धोक्याची घंटा त्याहून बऱ्याच वर वाजते.

बेलहेवनला मालकांनी हाताशी असलेला नवा इंपेलर बसवला. काढलेल्याची सर्व पाती शाबूत होती. दुसऱ्या दिवशी तापमान तेच, ८६. त्यांचा निराश सुरात फोन आला, पण माझ्या दृष्टीने ही निराशेची बातमी नव्हती. इंपेलर धड असूनही तापमान उतरत नसेल, तर पंपाच्या अलीकडे किंवा पलीकडे वाट अडली आहे, एवढे निश्चित झाले होते. पुढे ओरिएंटलपर्यंत २,००० फेऱ्यांच्या वर जाऊ नका असे त्यांना सांगितले आणि मी मोटारीने ओरिएंटलला पोहोचलो.

ओरिएंटल: बादली, घड्याळ आणि काळी पट्टी

ओरिएंटल हे नूस नदीकाठचे, मार्गावरील सुमारे १८२व्या मैलावरचे छोटे गाव आहे. तेथे धक्क्याला नौका बांधून आम्ही काही उघडण्याआधी मोजमाप केले. माझा यावर फार भर असतो, कारण उघडल्यावर पूर्वस्थिती मोजण्याची संधी पुन्हा मिळत नाही.

पहिले मोजमाप पाण्याचे. मी डिंगीत, म्हणजे नौकेच्या छोट्या होडीत, बसून पिछाडीच्या एक्झॉस्टखाली खुणांची बादली धरली. १,५०० फेऱ्यांवर २० सेकंदांत ३ लिटर पाणी आले. नंतर इंजिन थंड होऊ दिले, पंपातून हीट एक्स्चेंजरकडे जाणारी नळी सोडवून थेट बादलीत धरली आणि पुन्हा १,५०० फेरे, २० सेकंद. या वेळी ५ लिटर आले. हा दुसरा प्रयोग करताना एक्झॉस्टच्या रबरी नळीला पाणी मिळत नसते, म्हणून तो थंड इंजिनावर आणि अर्ध्या मिनिटाच्या आत उरकावा लागतो. घड्याळ पाहणारा दुसरा माणूस नसेल तर तो करूच नये. निष्कर्ष सरळ होता. सीकॉक, स्ट्रेनर आणि पंप पाच लिटर देत होते. त्यातले दोन लिटर पंपाच्या पुढे अडत होते.

दुसरे मोजमाप उष्णतेचे. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर रोखला तर तो चुकीचा, बहुधा कमी आकडा दाखवतो. म्हणून हीट एक्स्चेंजरच्या पाणी आत येण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या नळ्यांवर काळ्या विद्युत पट्टीचा एकेक तुकडा चिकटवला आणि त्यावर नेम धरला. भाराखाली २,४०० फेऱ्यांवर पाणी १७ अंशांवर आत जात होते आणि २९ वर बाहेर पडत होते. पाणी कमी असले की तेच पाणी जास्त उष्णता उचलते, त्यामुळे हा बारा अंशांचा फरक बादलीच्या आकड्याशी जुळत होता.

मग हीट एक्स्चेंजर उघडला. आधी कूलंट बादलीत उतरवून घेतला आणि बादलीवर झाकण ठेवले. कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असल्याने धक्क्यावरची कुत्री-मांजरे ते चाटतात आणि त्याने मरतात. टोकाची टोपी काढताच कारण समोर दिसले. नळ्यांच्या तोंडांवर काळ्या रबराचा एक संपूर्ण पातीएवढा तुकडा आडवा बसला होता, त्याच्या खाली एक लहान तुकडा, आणि दोन्हींच्या आधाराने डकवीडचा चोथा, राखाडी खडी आणि हिरवट-पांढरे क्षार साचून घट्ट थर झाला होता. नळ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश पूर्ण बंद होत्या. राखाडी खडी म्हणजे हीट एक्स्चेंजरमधील झिंकच्या पेन्सिल ॲनोडचे अवशेष होते. तांब्याला गंजापासून वाचवण्यासाठी स्वतः झिजणारा हा तुकडा वेळेत बदलला नाही तर कुजून गळतो, आणि येथे त्याच्या जागी नुसता पितळी बूच उरला होता. तापमान एकदम न वाढता रोज थोडे थोडे का वाढत होते, हेही यातून उलगडले. रबराचे तुकडे वसंतापासूनच तेथे होते. स्ट्रेनरच्या जाळीतून सुटलेले डकवीडचे बारीक कण त्यांच्यावर साचत गेले आणि वाट दिवसेंदिवस आक्रसत गेली.

आता ती प्लास्टिकची पिशवी बाहेर निघाली. जुन्या इंपेलरची दोन पाती नव्हती. पांढऱ्या कागदी रुमालावर इंपेलर ठेवून सापडलेले तुकडे आम्ही तुटलेल्या कडांना लावून पाहिले. मोठा तुकडा एका खुंटाला नेमका बसला. लहान तुकड्याने दुसऱ्याचा अर्धा भाग भरला. अर्धी पाती अजून बेपत्ता होती. मालक म्हणाले, गेली असेल बाहेर. तसे होणे शक्य होते, परंतु हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांचे छिद्र त्या तुकड्यापेक्षा लहान होते, तेव्हा ती पुढे जाणे कठीण होते. पंपाच्या तोंडाशी असलेला काटकोनी पितळी जोड सोडवला आणि त्याच्या वळणात ती अर्धी पाती सापडली. ती तेथेच राहिली असती तर पुढे सुटून स्वच्छ केलेल्या नळ्यांच्या तोंडाशी जाऊन बसली असती.

नळ्या साफ करण्यासाठी बारीक लाकडी काठी वापरली. लोखंडी तारेने मऊ तांब्याच्या नळ्यांना आतून चरे पडतात आणि पुढे तेथूनच गळती सुरू होते. क्षार सैल करण्यासाठी हीट एक्स्चेंजर रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला, सकाळी धुतला, नव्या रबरी कड्या आणि नवा ॲनोड घालून बसवला. बादलीची परीक्षा पुन्हा घेतली: २० सेकंदांत सव्वाचार लिटर.

येथे थांबण्याचा मोह मोठा होता. तीन लिटरवरून सव्वाचारवर येणे ही उत्तम सुधारणा होती, आणि दुसऱ्या दिवशी ॲडम्स क्रीकमधून बोफोर्टकडे जाताना २,४०० फेऱ्यांवर काटा ८० वर खिळून राहिला. परंतु पंप पाच लिटर देत होता. पाऊण लिटर पाणी कोठे अडते आहे याचा हिशेब लागलेला नव्हता. हीट एक्स्चेंजरच्या पुढे एकच संशयित उरतो, तो मिक्सिंग एल्बो. पण त्याचा सुटा भाग ओरिएंटलला नव्हता, आणि जुना गंजलेला एल्बो सोडवताना तुटला तर नौका तेथेच अडकली असती. म्हणून नवा भाग चार्ल्स्टनच्या मरीनाच्या पत्त्यावर मागवायचा आणि तोवर भार मर्यादेत ठेवायचा असे ठरवून मी परतलो.

राइट्सव्हिल बीच: दुसरे लक्षण

राइट्सव्हिल बीचचा पूल बंद असताना त्याखाली सुमारे २० फूट उंची मिळते आणि खासगी नौकांसाठी तो तासाला एकदा उघडतो. वेळ चुकली की प्रवाहात आणि इतर नौकांच्या गर्दीत तासभर ताटकळावे लागते. तो पूल गाठण्यासाठी मालकांनी थ्रॉटल पुढे ढकलला आणि दोन गोष्टी एकदम घडल्या: काटा ८७ वर गेला आणि पिछाडीतून काळा धूर निघू लागला.

वहीतल्या आकड्यांवरून हे जुनेच दुखणे परत आलेले नाही हे फोनवरच कळले. हीट एक्स्चेंजर अडला असताना धूर काळा नव्हता आणि गती नेहमीची होती. आता मात्र त्याच फेऱ्यांना गती अर्ध्या समुद्री मैलाहून अधिक घटलेली होती, आणि पूर्ण थ्रॉटलला जे इंजिन ३,४०० फेरे गाठायला हवे ते ३,००० च्या आसपास अडकत होते. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेले डिझेल. फेरे न गाठणे म्हणजे इंजिनाला झेपेल त्यापेक्षा जास्त ओझे. असे ओझे बहुधा पंख्याचे, म्हणजे प्रोपेलरचे, असते. उन्हाळ्यात जवळपासच्या फेऱ्या सोडल्या तर नौका बहुतेक वेळ कोमट पाण्यात एका जागी उभी होती, तळाला तांब्याचा विषारी रंग होता, पण फिरत्या पंख्यावर तो रंग टिकत नाही.

दुसऱ्या दिवशी पाणबुड्या बोलावला. तो पाण्यात उतरण्यापूर्वी इंजिनाची किल्ली काढून त्याच्याच हवाली केली. ही शिस्त कोणत्याही नौकेवर मोडू नये. पंख्याच्या पात्यांवर बार्नॅकल या चिकटून वाढणाऱ्या कवचधारी सागरी जीवांचा खडबडीत थर चढला होता. तो खरवडून झाला तेव्हा शाफ्टवरचा झिंक ॲनोडही त्याने दाखवला. ॲनोड झिजलेला नव्हता, पण त्यावर पांढरी टणक साय बसली होती. झिंक गोड्या किंवा मचूळ पाण्यात राहिला की असा थर धरतो आणि नंतर खाऱ्या पाण्यात आला तरी नीट काम करत नाही. डिस्मल स्वॅम्पचे गोडे पाणी, अल्बेमार्लचे मचूळ आणि केप फिअरच्या मुखाचे खारे अशा तिन्ही पाण्यांतून जाणाऱ्या नौकेला ॲल्युमिनियमचा ॲनोड अधिक योग्य असतो. मॅग्नेशियमचा केवळ गोड्या पाण्यासाठी. खाऱ्यात तो भराभर संपतो. हा बदल नौका वर काढल्यावर करायचा म्हणून वहीत लिहून ठेवला.

पंखा स्वच्छ झाल्यावर धूर थांबला, पूर्ण थ्रॉटलला फेरे ३,३०० पर्यंत गेले, गती परत आली. तरीही २,८०० वर तापमान ८३. मालकांच्या पत्नींनी फोनवर विचारले, "भाऊजी, हे तीन अंश त्या पाऊण लिटराचे का?" माझा अंदाजही तोच होता.

चार्ल्स्टन: एल्बो

मर्टल बीचजवळ रॉक पाइल नावाचा खडकातून कोरलेला अरुंद पट्टा लागतो. तेथे वाटेच्या कडेला कातळाचे बांध पाण्याखाली दडलेले असतात आणि इंजिन बंद पडले तर सावरायला जागा नसते. तो टप्पा त्यांनी मुद्दाम ओहोटीच्या अखेरीस, कडा दिसत असताना, कमी फेऱ्यांवर पार केला आणि वॅकमॉ नदीने पुढे उतरत चार्ल्स्टन गाठले.

मिक्सिंग एल्बो सोडवायला अपेक्षेप्रमाणे वेळ लागला. बोल्टांना आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी झिरपणारे तेल दिले होते, तरी एक बोल्ट शेवटपर्यंत हटून बसला आणि उष्णता द्यावी लागली. एल्बो हातात आल्यावर आतली वाट करंगळी जेमतेम जाईल एवढीच उरलेली दिसली. काजळी आणि गंज यांचा दगडासारखा थर झाला होता आणि पाणी आत सोडणारे छिद्र त्याने एका बाजूने झाकले होते. एक्झॉस्टला बाहेर पडायला जागा कमी म्हणून फेरे पूर्ण येत नव्हते, आणि पाण्याला वाट कमी म्हणून पाऊण लिटर अडत होते. कमी भारावर, थोडा थोडा वेळ चालवलेल्या डिझेलमध्ये काजळी जास्त साचते. म्हणजे ज्या सवयीमुळे उन्हाळ्यात दोष दडून राहिला, तिनेच हा दोष वाढवलाही होता. जुना एल्बो खरवडून वापरता आला असता, पण भिंत एका ठिकाणी पातळ झाली होती. तेथून गळती झाली तर पाणी आणि विषारी वायू थेट नौकेच्या आत येतात. नवा स्टेनलेस स्टीलचा बसवला.

परीक्षा तीच: १,५०० फेरे, २० सेकंद. पाणी पावणेपाच आणि पाचच्या मधोमध आले. हीट एक्स्चेंजरमधून बाहेर पडणारे पाणी भाराखाली २३ अंश. पूर्ण थ्रॉटलला ३,४०० फेरे. २,८०० वर तापमान ८०. उरलेला किरकोळ फरक वळणांच्या आणि उंचीच्या रोधाचा असतो, तो हिशेबात धरावाच लागतो.

पुढील मार्गावरची देखभाल

जॉर्जियात भरती-ओहोटीचा फरक ७ ते ९ फुटांपर्यंत जातो, पाणी गाळाने जड असते आणि लिटल मड रिव्हरसारख्या उथळ जागा नावाप्रमाणेच असतात. बारीक गाळ स्ट्रेनरमध्ये थांबत नाही. तो पंपाच्या झाकणाला आतून घासतो, त्यावर चर पडतात आणि पंपाची ओढ मंदावते. म्हणून तेथे रोज संध्याकाळी स्ट्रेनर आणि एकदा मध्येच पंपाचे झाकण तपासले. झाकणावर पुसट चर होते, तेव्हा ते उलटे करून गुळगुळीत बाजू आत घेतली. बेल्टखाली काळी पूड दिसू लागली तेव्हा त्याचा ताण वाढवला. बादलीची परीक्षा सव्हानामध्ये एकदा आणि सेंट ऑगस्टीनमध्ये एकदा झाली. आकडा हलला नव्हता.

सेंट ऑगस्टीनला इंजिनाच्या तासांप्रमाणे ऑइल आणि त्याचा फिल्टर बदलला गेला, कारण प्रवासापूर्वीच्या बदलापासून हस्तपुस्तिकेतली मुदत भरत आली होती. पंख्याचा शाफ्ट तळातून बाहेर पडतो तेथे पाणी अडवणाऱ्या स्टफिंग बॉक्समधून शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब गळणे योग्य असते. ते वाढले होते म्हणून नट थोडा आवळला, आणि नंतर हात लावून बॉक्स गरम होत नाही याची खात्री करून घेतली, कारण जास्त आवळलेले पॅकिंग शाफ्टलाच खाते. पॅकिंगच्या नव्या दोऱ्या आणि शाफ्टचा ॲल्युमिनियम ॲनोड ही दोन कामे वसंतात नौका पाण्याबाहेर काढेपर्यंत शिल्लक ठेवली आहेत. हीट एक्स्चेंजरचा ॲनोड दर १०० तासांनी काढून पाहायचा असे ठरले आहे. वहीच्या शेवटच्या पानावर आता बादलीच्या आकड्यांचा वेगळा रकाना आहे, आणि सुट्या भागांच्या पेटीत दोन नवे इंपेलर आहेत.